एक्सएमएलची पहिली फाइल: टॅग, नियम आणि हमखास होणाऱ्या चुका

नुसता ४० हा आकडा पाहून तो लांबीचा, वजनाचा की वयाचा हे सांगता येत नाही. एक्सएमएलमध्ये हा आकडा कशाचा आहे ते त्याच्या दोन्ही बाजूंना लिहून ठेवतात, आणि ही सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे. ती प्रोग्रामिंगची भाषा नव्हे. एक्सएमएल फाइल स्वतःहून काही मोजत नाही, पाठवत नाही, पडद्यावर काही रंगवतही नाही. माहिती नीट लेबलं लावून ठेवायची आणि कोणत्याही प्रोग्रामला ती बिनचूक वाचता यावी, इतकंच तिचं काम.

१९८६ साली एसजीएमएल ही मजकुराला लेबलं लावण्याची पद्धत आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक म्हणून आली. ते ताकदीचं होतं, पण अवजड. त्यातले कामाचे नियम ठेवून आणि बाकीचे छाटून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल १.० जाहीर केलं, आणि आजही बहुतेक सगळीकडे तीच आवृत्ती चालते. ती तुम्ही रोज वापरता, फक्त दिसत नाही. वर्डच्या एखाद्या डॉक्स फाइलची प्रत काढा, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा: आत एक्सएमएल फाइलींचा गठ्ठाच सापडेल. एक्सेलच्या नव्या फाइली, ई-पब पुस्तकं, एसव्हीजी चित्रं, आरएसएस फीड, अँड्रॉइड ॲपच्या पडद्यांची मांडणी, हे सगळं याच जातीचं.

पहिली फाइल

साधा टेक्स्ट एडिटर पुरतो. नोटपॅड चालेल, व्हीएस कोड असेल तर उत्तम. वर्डसारख्या वर्ड प्रोसेसरमध्ये मात्र लिहू नका, त्याचं कारण पुढे येईल. हे टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. हाताने लिहिताना होणाऱ्या चुकाच शिकवतात:

```
<भागयादी>
  <भाग क्रमांक="101">
    <नाव>षटकोनी बोल्ट</नाव>
    <लांबी एकक="मिमी">40</लांबी>
    <नग>12</नग>
  </भाग>
  <भाग क्रमांक="102">
    <नाव>सपाट वॉशर</नाव>
    <नग>24</नग>
    <तपासलेला/>
  </भाग>
</भागयादी>
```

सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा आणि नावाच्या शेवटी एक्सएमएलचं एक्स्टेन्शन द्या. नोटपॅडमध्ये फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' ठेवा, नाहीतर तो मागे गुपचूप टीएक्सटी जोडतो आणि फाइल साधी टेक्स्टच राहते. आता ती ब्राउझरमध्ये उघडा. घडी घालता-उघडता येईल असं झाड दिसलं की फाइल बरोबर आहे. या फाइलला स्टाइलची माहिती जोडलेली नाही, अशी एक ओळ ब्राउझर वर दाखवतो. नवशिके तिला चूक समजून घाबरतात, पण ती चूक नाही. फाइल कशी दिसावी हे आपण सांगितलेलंच नाही, एवढंच तो कळवतो.

टॅग मराठीत कसे, असा प्रश्न पडला असेल. पहिल्या आवृत्तीपासूनच एक्सएमएल युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकावर, उभं आहे आणि टॅगची नावं देवनागरीत देणं नियमात बसतं. त्यात काही खाचखळगे आहेत, तिकडे येऊच.

शब्द कोणते, अर्थ काय

<नग> हा उघडणारा टॅग, </नग> हा बंद करणारा. दोघं आणि त्यांच्या मधला मजकूर मिळून होतं एलिमेंट. टॅग आणि एलिमेंट हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. बोलताना चालतं, पण चुकीचा संदेश वाचताना फरक माहीत असलेला बरा. उघडणाऱ्या टॅगच्या आत लिहिलेलं एकक="मिमी" हे ॲट्रिब्यूट. सगळ्यात बाहेरचं <भागयादी> हे रूट एलिमेंट. आणि <तपासलेला/> हे रिकामं एलिमेंट: त्याच्या असण्यातूनच माहिती मिळते, आत काही लागत नाही. <तपासलेला></तपासलेला> असं लिहिलं तरी अर्थ तोच. मध्ये एक स्पेस पडली तर मात्र ते रिकामं राहत नाही. त्यात एक अक्षर आहे, ते स्पेस का असेना.

ही फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला पार्सर म्हणतात. पार्सर अत्यंत हट्टी असतो आणि तसाच असावा, असं मानकातच लिहिलंय. वेब पानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये एखादा टॅग बंद करायचा राहिला तर ब्राउझर अंदाजाने सांभाळून घेतो. एक्सएमएलमध्ये एक टॅग चुकला की पार्सरने तिथेच थांबायचं. अंदाज बांधायचा नाही. सुरुवातीला हे जाचक वाटतं, पण याच हट्टामुळे एका संगणकावर वाचली गेलेली फाइल दुसऱ्यावर वेगळी वाचली जाण्याची भीती राहत नाही.

मोडता न येणारे नियम

रूट एकच. फाइलच्या शेवटी दुसरी <भागयादी> सुरू केलीत तर फायरफॉक्स 'जंक आफ्टर डॉक्युमेंट एलिमेंट' म्हणतो. मजकूर कचरा आहे असं त्याला म्हणायचं नसतं. रूट बंद झाल्यावर आणखी काहीतरी सापडलं, एवढाच अर्थ. दोन फाइली एकाखाली एक चिकटवल्या की नेमकं हेच होतं. उपाय: दोन्ही याद्यांभोवती एक नवं रूट घाला.

उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला पाहिजे, आणि जो शेवटी उघडला तो आधी बंद झाला पाहिजे. पेटीत पेटी ठेवावी तसं. हे चुकीचं आहे:

```
<टीप>हा भाग <ठळक>नेहमी <तिरका>कोरडा</ठळक> ठेवा</तिरका></टीप>
```

<तिरका> आत उघडला आहे, पण <ठळक> त्याच्या आधीच बंद झाला. दोन पेट्या एकमेकींत अर्ध्या अडकल्या. बरोबर असं:

```
<टीप>हा भाग <ठळक>नेहमी <तिरका>कोरडा</तिरका></ठळक> ठेवा</टीप>
```

उघडणारं आणि बंद करणारं नाव तंतोतंत जुळायला हवं. रोमन लिपीत लिहिताना लहान-मोठ्या अक्षरांतला फरक इथे धरला जातो. देवनागरीत तो प्रश्न नाही, पण ऱ्हस्व-दीर्घाचा आहेच: <टीप> उघडून </टिप> ने बंद केलं तर जुळणार नाही.

नावात स्पेस चालत नाही. 'भाग यादी' असं लिहिलंत तर पार्सर 'भाग' हे नाव धरतो आणि 'यादी' हे ॲट्रिब्यूट समजून पुढे बरोबरचं चिन्ह शोधू लागतो. दोन शब्द जोडायचे तर अधोरेषा वापरा. नावाची सुरुवात आकड्याने, टिंबाने किंवा डॅशने करू नका. कोलन नेमस्पेससाठी, म्हणजे नावाआधी उपसर्ग लावायच्या सोयीसाठी, राखून ठेवलेला असतो (ती शेवटी पाहू), तोही टाळा. बंद करणाऱ्या टॅगमध्ये तिरक्या रेघेनंतर स्पेस द्यायची नाही. शेवटच्या कंसाआधी दिली तर चालते.

ॲट्रिब्यूटची किंमत नेहमी अवतरणचिन्हांत. एकेरी चालतात, दुहेरी चालतात. ज्याने उघडलं त्यानेच मिटायचं. एका टॅगमध्ये एकच ॲट्रिब्यूट दोनदा येऊ शकत नाही. आता वर्ड प्रोसेसरचं कारण: तो सरळ अवतरणचिन्हं आपोआप वळणदार करून टाकतो. डोळ्याला ती जास्त सुबक दिसतात, पण पार्सरच्या लेखी ती अवतरणचिन्हं नव्हेतच. चॅटमधून किंवा ईमेलमधून उचललेला नमुना चालत नसेल तर आधी हेच तपासा.

दोन घातक चिन्हं

मजकुरात < आलं की पार्सर नवा टॅग सुरू झाला असं मानतो. & आलं की पुढे एखाद्या चिन्हाचं सांकेतिक नाव येणार असं मानतो. म्हणून खालच्या दोन्ही ओळी मोडक्या आहेत:

```
<नाव>नट & बोल्ट संच</नाव>
<अट>व्यास < 10 मिमी</अट>
```

आणि दुरुस्त केल्यावर:

```
<नाव>नट &#38; बोल्ट संच</नाव>
<अट>व्यास &#60; 10 मिमी</अट>
```

इथे ३८ आणि ६० हे त्या चिन्हांचे युनिकोड क्रमांक आहेत. संकेताच्या आत आकडे मात्र इंग्रजीच लागतात, देवनागरी आकडे चालत नाहीत. शेवटचा अर्धविराम विसरू नका; तो राहिला तर संकेत कुठे संपला हे कळत नाही. दुहेरी अवतरणासाठी ३४, एकेरीसाठी ३९ आणि > साठी ६२ हे क्रमांक आहेत. या पाच चिन्हांना रोमन अक्षरांतली छोटी नावंही आहेत आणि इतरांच्या फाइलींत तीच जास्त दिसतील. पण एक्सएमएलला जन्मतः ही पाचच नावं माहीत असतात. एचटीएमएलच्या सवयीने न तुटणाऱ्या स्पेससाठी 'एनबीएसपी' लिहिलंत तर 'अनडिफाइंड एंटिटी' म्हणत पार्सर थांबेल (अशा सांकेतिक नावाने दिलेल्या मजकुराला एंटिटी म्हणतात). त्याजागी &#160; लिहा.

वेब पत्ता एक्सएमएलमध्ये टाकताना सर्वाधिक लोक इथेच ठेचकाळतात, कारण पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात & हमखास असतो.

प्रोग्रामचा कोड किंवा अशा चिन्हांनी भरलेला मोठा तुकडा द्यायचा असेल तर सीडेटा विभाग वापरतात. त्याच्या आत < आणि & जसेच्या तसे चालतात. तो ]]> या तीन चिन्हांनी संपतो, त्यामुळे नेमकी तीच त्रयी आतल्या मजकुरात येता कामा नये. एखाद-दुसऱ्या चिन्हासाठी सीडेटा लावणं म्हणजे मुंगी मारायला हातोडा.

टिपण लिहायचं तर असं:

```
<!-- ही लांबी डोके सोडून मोजली आहे -->
```

टिपणाच्या आत दोन डॅश सलग येऊ शकत नाहीत आणि टिपण एखाद्या टॅगच्या पोटात घालता येत नाही. डॅशांची लांबलचक सजावटीची रेघ ओढायची सवय असेल तर ती मोडावी लागेल.

डिक्लरेशन आणि एन्कोडिंग

बऱ्याच फाइलींची पहिली ओळ <? ने सुरू होऊन ?> ने संपते आणि तिच्यात आवृत्ती १.० व एन्कोडिंग लिहिलेलं असतं. हे डिक्लरेशन. १.० मध्ये ते ऐच्छिक आहे. ते नसेल आणि फाइलच्या आरंभी वेगळी खूणही नसेल, तर पार्सर यूटीएफ-८ धरतो. म्हणूनच आपली फाइल त्याच्याशिवाय उघडली. पण लिहायचं ठरवलं तर ते अगदी पहिल्या अक्षरापासून हवं. त्याआधी एक रिकामी ओळ, एक स्पेस, एक टिपण, काहीही चालत नाही. प्रोग्रामने तयार केलेल्या एक्सएमएलमध्ये हा दोष वारंवार सापडतो: कोडच्या एखाद्या फाइलच्या टोकाला राहिलेली मोकळी ओळ आधी छापली जाते आणि मागून डिक्लरेशन येतं.

एन्कोडिंगची चूक दोन तऱ्हांनी अंगावर येते. डिक्लरेशन यूटीएफ-८ सांगतं आणि फाइल प्रत्यक्षात दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आहे, तेव्हा पार्सर बहुधा ओरडतो आणि चूक लगेच सापडते. उलट प्रकार वाईट. फाइल यूटीएफ-८ आहे पण डिक्लरेशनमध्ये आयएसओ-८८५९-१ (रोमन लिपीसाठीचं जुनं एन्कोडिंग) लिहिलंय, तर काहीच अडत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पार्सर त्या प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतो आणि एका 'क'च्या जागी तीन अगम्य चिन्हं उमटतात. मराठीऐवजी स्वरचिन्हं चढवलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली की डिक्लरेशन आणि सेव्हिंग ताडून पाहा.

देवनागरी टॅगचे खाचखळगे

पार्सर अक्षरं डोळ्यांनी बघत नाही, त्यांचे क्रमांक जुळवतो. देवनागरीत दिसायला सारखी आणि क्रमांकांनी वेगळी अशी जोडाक्षरं आहेत. 'ऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ पासून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. एका कीबोर्डवर उघडणारा टॅग लिहिला आणि दुसऱ्यावर बंद करणारा, तर पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतील आणि पार्सर मात्र टॅग जुळत नाही म्हणेल. डोळे फुटेपर्यंत बघून उपयोग नाही. उघडणारं नाव कॉपी करून बंद करणाऱ्या जागी चिकटवा.

दुसरा खळगा 'ॲ'चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. एक्सएमएल १.० च्या चौथ्या संस्करणापर्यंत नावांत चालणाऱ्या अक्षरांची ठरावीक यादी होती, आणि तिच्यात हे अक्षर असणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पाचव्या संस्करणाने ती यादी सैल केली. जुन्या यादीवर चालणारे पार्सर मात्र आजही वापरात आहेत. तेव्हा टॅगच्या नावात 'ॲ' घालू नका. आतल्या मजकुरात कुठलंही अक्षर बेलाशक लिहा, ही अडचण फक्त नावांची आहे.

खरं सांगायचं तर शिकायला मराठी टॅग छान, कारण नावं आपली आणि चिन्हं भाषेची हा फरक लख्ख दिसतो. दुसऱ्यांच्या प्रोग्रामशी देवाणघेवाण करायची असेल तिथे त्यांनी ठरवलेलीच नावं वापरावी लागतात.

आकड्यांचंही असंच. नमुन्यात 40 आणि 12 इंग्रजी आकड्यांत मुद्दाम ठेवले आहेत. फाइलीत कुठे काय चालेल हे एक्सएमएल स्कीमात लिहून ठेवतात (तो शेवटी पाहू), आणि त्याच्या पूर्णांक प्रकाराला 0 ते 9 हे इंग्रजी आकडेच मान्य आहेत. देवनागरीत लिहिलेले नग त्याच्या लेखी संख्या नसून मजकूर ठरतात. मोजायची माहिती इंग्रजी आकड्यांत, वाचायची कोणत्याही.

एलिमेंट की ॲट्रिब्यूट?

याला बंधनकारक नियम नाही, म्हणून यावर वाद फार. कामाला येणारा निकष असा: जे पुन्हा येऊ शकतं, ज्याचे उद्या आणखी तुकडे पडू शकतात किंवा जे लांबलचक आहे ते एलिमेंट. ओळखक्रमांक, एकक, भाषा असलं माहितीविषयीचं छोटं लेबल ॲट्रिब्यूट. एका टॅगमध्ये रंग१, रंग२, रंग३ अशी ॲट्रिब्यूट वाढू लागली की समजा, ती एलिमेंट व्हायला हवी होती. आणखी एक फरक: एलिमेंटांचा क्रम पार्सर जपतो, ॲट्रिब्यूटांच्या क्रमाला अर्थ नसतो. ॲट्रिब्यूटच्या किमतीत दिलेली नवी ओळ वाचताना साधी स्पेस होऊन जाते, त्यामुळे तिथे परिच्छेद लिहू नका.

एलिमेंटमधल्या स्पेस मात्र तशाच पोहोचतात. <नाव> बोल्ट </नाव> असं लिहिलं तर नाव 'बोल्ट' नाही, आधी-मागे स्पेस असलेलं 'बोल्ट' आहे. शोध घेताना ते सापडत नाही आणि डोकं खाजवण्यात तास जातो.

चूक शोधायची कशी

मूळ नमुन्यातली सहावी ओळ, म्हणजे पहिलं </भाग>, काढून टाका आणि फाइल पुन्हा उघडा. आता फाइल अकरा ओळींची आहे आणि ब्राउझर अकराव्या ओळीकडे बोट दाखवेल. का? पहिला <भाग> उघडाच राहिला, दुसरा त्याच्या पोटात गेला, दहाव्या ओळीतल्या </भाग> ने दुसरा बंद झाला. इथवर सगळं नियमात आहे. शेवटी </भागयादी> आलं तेव्हा कुठे पार्सरला कळलं की दुसऱ्या ओळीतला <भाग> अजून उघडाच आहे. पार्सर चूक जिथे घडली ती जागा सांगत नाही, जिथे ती लक्षात आली ती सांगतो. म्हणून त्या ओळीपासून वर वर जात शोधायचं. क्रोमसारखे ब्राउझर उघडणाऱ्या टॅगची ओळही देतात, ती आधी वाचा.

चुका अनेक असल्या तरी पहिलीच दुरुस्त करून पुन्हा तपासा. खालच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघालेल्या असतात. कमांड लाइनवर 'एक्सएमएल-लिंट' हे साधन 'नो-आउट' पर्यायासह चालवलं तर फाइल निर्दोष असताना ते काहीही छापत नाही. शांतता म्हणजे पास.

सगळं बरोबर दिसूनही फाइल अडत असेल तर नियंत्रण-अक्षरांचा संशय घ्या. पीडीएफ किंवा जुन्या डेटाबेसमधून उचललेल्या मजकुरात ती अदृश्यपणे येतात. युनिकोडच्या पहिल्या ३२ चिन्हांपैकी टॅब आणि ओळ बदलणारी दोन एवढीच एक्सएमएल १.० ला चालतात. बाकीची संकेत लिहूनही आत घेता येत नाहीत, ती काढूनच टाकावी लागतात.

सुघटित आणि वैध

इथवरचे नियम पाळले की फाइल सुघटित झाली. पण <नग> मध्ये कुणी 'पुष्कळ' असं लिहिलं तरी ती सुघटितच राहते. पार्सरला नग म्हणजे काय हे माहीत नाही. प्रत्येक भागाला नाव हवंच, नग पूर्णांकच हवेत, लांबी ऐच्छिक, अशी अपेक्षा वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवतात: डीटीडी या जुन्या पद्धतीने किंवा २००१ साली मानक झालेल्या एक्सएमएल स्कीमाने. त्या कसोटीवर उतरलेली फाइल वैध. एकट्याने वापरायच्या छोट्या फाइलीला स्कीमाची गरज नाही. दोन संस्था किंवा दोन प्रोग्राम एकमेकांना फाइली पाठवणार असतील तर स्कीमा आधी, फाइली नंतर.

नेमस्पेसची भीती बाळगू नका. एका फाइलीत भागाचंही <नाव> आणि पुरवठादाराचंही <नाव> आलं की गोंधळ होतो, म्हणून नावाआधी उपसर्ग लावतात: <सुटे:नाव>, <पुरवठा:नाव>. उपसर्ग आधी एका खास ॲट्रिब्यूटने जाहीर करावा लागतो आणि त्याची किंमत बहुधा वेब पत्त्यासारखी दिसते. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडलाच पाहिजे असं काही नाही. जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवं, म्हणून पत्ता वापरतात.

परक्याकडून आलेल्या फाइली प्रोग्रामने वाचणार असाल तर पार्सरमधली डीटीडी आणि बाह्य एंटिटी वाचण्याची सोय बंद ठेवा. एंटिटीत एंटिटी गुंफून काही ओळींची फाइल वाचताना अब्जावधी अक्षरांची करता येते, किंवा तुमच्याच संगणकावरची फाइल बाहेर खेचून घेता येते. पार्सरच्या बऱ्याच नव्या लायब्ररींत (तयार कोडच्या संचांत) ही सोय मुळात बंद असते, तरी तुमच्या लायब्ररीच्या माहितीपत्रकात एकदा खात्री करून घ्या.

सरावासाठी त्याच नमुन्यात तिसरा भाग जोडा: त्याच्या नावात & असू द्या, त्याला दोन रंग द्या आणि एक टिपण लिहा. मग एकेक नियम मुद्दाम मोडून ब्राउझर काय म्हणतो ते वाचा. एका वेळी एकच नियम मोडायचा, नाहीतर कोणता संदेश कोणत्या चुकीचा हे कळणार नाही.